अध्यापनशैली आणि लिंगभेद : काही मराठी चरित्रग्रंथांच्या आधारे

स्त्री-शिक्षक व पुरुष-शिक्षक यांच्या अध्यापनशैलींचा तौलनिक अभ्यास हा शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे, आणि त्याची पद्धतही आता ठरून गेल्यासारखी झाली आहे. समजा, कळंबोलीतील दोन-तीन माध्यमिक शाळा निवडल्या, तेथील शिक्षक व शिक्षिका सारख्या संख्येने घेतल्या, फ्लँडर्सच्या दहा वर्गांच्या कोष्टकात दर तीन सेकंदांनी एकेक खूण केली आणि अखेरीस दोन रकान्यांच्या बेरजा समोरासमोर मांडल्या, की निष्कर्ष हाती येतो : शिक्षिका विद्यार्थ्यांच्या भावना अधिक स्वीकारतात, शिक्षक आज्ञा अधिक करतात, किंवा नेमके याच्या उलट, किंवा दोहोंत लक्षणीय फरक नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या निष्कर्षांवर नसून रकान्यांवर आहे. शिक्षकाचे लिंग हेच त्याच्या शैलीचे कारण, असे हे रकाने न बोलता गृहीत धरतात. हे गृहीत कितपत टिकते हे पाहण्याचे साधन मराठी वाङ्मयातच विपुल आहे. त्याकडे आपल्या प्रबंधकारांचे लक्ष जात नाही, एवढेच.

एकोणिसाव्या शतकातील तीन पती-शिक्षक घेऊ. तिघेही पुरुष, तिघेही सुधारणेचे पक्षपाती, तिघांच्याही शिष्या बालवयात विवाहित झालेल्या. गोपाळराव जोशी यांनी आनंदीबाईंना शिकविले ते धाकाने. १८८६ साली वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या या शिष्येने अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात लहानपणी सोसलेल्या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ साली विवाह झालेल्या रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथात जो शिक्षक रंगविला आहे, तो कधी हात उगारीत नाही; त्याची नाराजी मौनातून व्यक्त होते, आणि ते मौन शिष्येला कोणत्याही शब्दापेक्षा अधिक झोंबते. 'स्मृतिचित्रे'मधील नारायण वामन टिळक तापट, लहरी आणि तितकेच प्रेमळ; त्यांच्या शिकवण्यात उत्साह व संताप शेजारी शेजारी नांदतात. परंतु लक्ष्मीबाई आपल्या गुरूला हसू शकतात, आणि त्या हसण्यातच त्यांचे शिक्षण झाल्याची साक्ष आहे. टिळकांच्या मृत्यूनंतर (१९१९) अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पूर्ण केले. एकाच रकान्यात पडणारे हे तीन शिक्षक एकमेकांपासून किती दूर आहेत, हे निराळे सांगावयास नको.

येथे कोष्टकाची आणखी एक मर्यादा ध्यानात येते. फ्लँडर्सचा दहावा वर्ग म्हणजे स्तब्धता अथवा गोंधळ. रानड्यांचे शासन करणारे मौन, विचार करण्यास सवड देणाऱ्या शिक्षकाचे मौन आणि उत्तर न येणाऱ्या मुलीचे भेदरलेले मौन, ही तिन्ही तेथे एकाच खुणेने नोंदली जातील.

कोणी म्हणेल, ही उदाहरणे घरातली आहेत, वर्गातली नव्हेत. आक्षेप योग्य आहे. म्हणून वर्गाकडे वळू. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे प्रयोग करणारे गिजुभाई बधेका 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, या नावाने ओळखले गेले. अमळनेरच्या शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींच्या वाट्यालाही मातृहृदयी हेच विशेषण आले. वरवर पाहता हा गौरव आहे. पण त्यामागील तर्क तपासून पाहावा. मृदुता, धीर, मुलाच्या गतीने चालणे हे गुण पुरुषात दिसले की आपण ते आईकडून उसने आलेले मानतो. याचे दुसरे टोक अधिक घातक आहे. तेच गुण शिक्षिकेत दिसले, की ते तिचे कौशल्य न ठरता निसर्ग ठरतात. आणि जे निसर्गतः येते त्याचे श्रेय कोण देणार?

ताराबाई मोडक यांचे कार्य या समजुतीला सर्वांत समर्थ उत्तर आहे. १९२३ पासून त्या गिजुभाईंच्या सहकारी होत्या. पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह जे उभे केले, ते मातृहृदयाच्या उमाळ्यावर उभे राहिले नाही. मुले अंगणात असतात म्हणून अंगणवाडी, आणि गुरे राखावयास रानात जातात म्हणून कुरणशाळा, ही निरीक्षणातून काढलेली, पुनःपुन्हा तपासलेली पद्धती आहे. माँटेसरीची महाग साधने आदिवासी पाड्यावर कशी चालावीत, हा प्रश्न वात्सल्याने सुटत नाही. तो बुद्धीने व श्रमानेच सोडवावा लागतो.

मग शिक्षकाचे लिंग सर्वस्वी गौण आहे काय? तसे म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुले वर्गात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची शैली कशीही असो, शिकविणारी बाईही असू शकते हे मुलींना डोळ्यांनी दिसले. त्याच शाळांतील मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. शिक्षिकेचे असणे हा शैलीचा नव्हे, शक्यतेचा प्रश्न आहे. लिंगभेदाचा दुसरा खरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे : वर्गात प्रश्न कोणाला विचारला जातो आणि उत्तरासाठी कोणासाठी थांबले जाते? अमेरिकेतील सॅडकर दाम्पत्याने १९९४ च्या आपल्या ग्रंथात शिक्षकांचे लक्ष मुलग्यांकडे अधिक जाते असे दाखविले. शिक्षक पुरुष आहे की स्त्री, एवढ्यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

म्हणून कळंबोलीच्या वर्गात कोष्टक घेऊन बसणाऱ्या प्रबंधकाराला एकच सूचना करावीशी वाटते. लोखंड-पोलाद बाजाराच्या या सिडको वसाहतीत नाना जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेल्या घरांची मुले एका बाकावर बसतात. त्यांपैकी कोण बोलते, कोण गप्प राहते आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ शिक्षकाला कळतो की नाही, हे त्याने प्रथम टिपावे. शिक्षकाच्या लिंगाचा रकाना अवश्य ठेवावा, परंतु तो शेवटी भरावा. आधी भरला, तर पुढचे सारे निरीक्षण त्याच्या पुष्टीसाठीच केले जाण्याचा धोका असतो.