उरलेल्या आचेची कारागिरी

‘एमा मर्स्क’ हे कंटेनरवाहू जहाज २००६ साली डेन्मार्कमधल्या ओडेन्सजवळच्या गोदीतून बाहेर पडलं, तेव्हा बोलबाला झाला तो त्याच्या ३९७ मीटर लांबीचा. बघण्याजोगी गोष्ट मात्र खाली इंजिनरूममध्ये होती. वार्टसिला-सुल्झर बनावटीचं चौदा सिलिंडरांचं डिझेल इंजिन, ताकद ८०,०८० किलोवॅट, पिस्टनची एकेक धाव अडीच मीटरची, आणि गती मिनिटाला जेमतेम १०२ फेरे.

या रचनेत मला सर्वांत आधी भावतं ते, तिच्यात जे नाही ते. कॅमशाफ्टच नाही! जुन्या इंजिनांत इंधन केव्हा फवारायचं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, हे पोलादी कॅमच्या आकारात कायमचं घडवलेलं असे. तो आकार एखाद्या भाराला चोख बसायचा; बाकीच्या भारांना भागवून घ्यावं लागायचं. इथे उच्च दाबाची कॉमन रेल सगळ्या सिलिंडरांना इंधन पुरवते, क्रँक कितव्या अंशावर आहे हे सेन्सर सांगतो आणि फवाऱ्याचा क्षण संगणक ठरवतो. भार उतरला की व्हॉल्व्ह जरा लवकर मिटवता येतो. हवा अधिक दाबली जाते आणि त्याच थेंबातून जास्त काम निघतं.

एवढं करूनही इंधनातली साधारण निम्मीच ऊर्जा प्रोपेलरपर्यंत पोचते. पाव हिस्सा धुराबरोबर जातो. गुऱ्हाळात उसाचं चिपाड त्याच्याच रसाखाली जळतं, तसं इथे धुराला पुन्हा राबवलं आहे. धुरावर पाणी तापवून वाफ करणं बोटींवर जुनंच, त्यात नवल नाही. नवल पुढच्या चालीत आहे. धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे टर्बोचार्जर इतके सरस झाले की त्यांना सगळा धूर लागेना. म्हणून त्यातला दहावा हिस्सा आधीच फोडून वेगळ्या टर्बाइनवर सोडला. तिथे वीज मिळतेच, शिवाय इंजिनात हवा थोडी कमी शिरत असल्याने सगळाच धूर अधिक गरम निघतो आणि वाफही वाढते. एका दगडात दोन पक्षी! पूर्ण भारावर धुराचं आणि वाफेचं अशी दोन्ही टर्बाइन मिळून इंजिनाच्या ताकदीच्या दहा टक्क्यांच्या आसपास वीज परत देतात.

थांबायचं कुठे हेही या रचनेला कळतं. धूर साधारण १६० अंशांखाली निवू देत नाहीत, कारण इंधनातल्या गंधकाचं आम्ल नळ्यांवर जमून त्यांना खातं. लोभ आवरलेला इथे स्पष्ट दिसतो.

माझी तक्रार एकच. हा सगळा थाट भरधाव जाणाऱ्या जहाजासाठी मांडलेला. २००८ नंतर मंदी आली, इंधनाचा खर्च डोईजड झाला आणि कंटेनर जहाजं मुद्दाम संथ चालवली जाऊ लागली. कमी भारावर धूर थोडा, उष्णता त्याहून थोडी. वाफेचं टर्बाइन अर्धपोटी राहतं. नियंत्रणाची बाजू मात्र नेमकी तिथेच खुलते. प्रत्येक सिलिंडरला तीन इंजेक्टर आहेत. अगदी मंद चालीत त्यांतले दोन मिटतात आणि एकटा उरलेला इंजेक्टर नीट, बारीक फवारा मारतो. एकाच बाजूला आच लागू नये म्हणून त्यांची पाळीही बदलत राहते. धुराड्यातून काळा धूर दिसत नाही.