जावळीची जयवल्ली

कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात जावळीची ‘जयवल्ली’ होते. आवाज जवळपास तोच, पण अर्थ एकदम नवा: विजयाची वेल. महाकाव्यात हे शोभतं. तिथे नायक जिंकणार आहे, छंद सांभाळायचा आहे, मग गावाच्या नावालाही थोडं नटवलं तर बिघडत नाही. जयराम पिंड्यांनी 1673 च्या पन्हाळ्याच्या विजयावर काव्य लिहिलं, त्याच्या शीर्षकातच पन्हाळ्याचा ‘पर्णालपर्वत’ आहे.

माझी तक्रार या कवींशी नाही. आज संस्कृत बोलायला शिकताना आपण त्यांचीच सवय उचलतो, तिच्याशी आहे.

संभाषणवर्गात पहिल्या-दुसऱ्या दिवशीच प्रश्न येतो: भवान् कुत्र वसति? पुण्याचा माणूस ऐटीत ‘पुण्यनगरे’ म्हणतो, कोल्हापूरच्याकडे ‘करवीर’ तयार असतं. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याच्या माणसाने काय म्हणायचं? लगेच कुणीतरी प्रेमाने एखादं ‘शुद्ध’ नाव सुचवतं. म्हणजे गावाने आधी आंघोळ करून यायचं, मग वाक्यात बसायचं. लंडनवाल्याला मात्र हे कुणी सांगत नाही. ‘लण्डन्-नगरे’ म्हटलं की काम झालं, लंडनचा धातू कोणता हे विचारायला कुणी थांबत नाही.

लॅटिनकडे बघा. पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत 1886 चा, लॅटिनमध्ये ‘पूनेन्सिस’. सिंधुदुर्गचा 2005 चा, ‘सिंधुदुर्गेन्सिस’. ‘एन्सिस’ म्हणजे तिथला. आपल्या ‘कर’सारखंच, पुणेकर, अंथुर्णेकर. सिंधू म्हणजे काय, दुर्ग म्हणजे काय, याची लॅटिनने चौकशी केली नाही. नाव जसं ऐकलं तसं घेतलं आणि मागे शेपूट जोडलं. चर्चच्या कारभाराची ही भाषा, तीही या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळी निघाली.

आणि गंमत म्हणजे अंथुर्ण्याला शेपटाचीही गरज नाही. पुणे, ठाणे यांच्यासारखंच ते मराठीत नपुंसकलिंगी. संस्कृतात ‘अन्थुर्णम्’ धरा आणि ‘पर्णम्’सारखं चालवा. पर्णम्, पर्णे, अन्थुर्णम्, अन्थुर्णे. सप्तमी आपोआप तयार! ‘अहम् अन्थुर्णे वसामि.’ एसटीच्या पाटीवरचं नाव जसंच्या तसं व्याकरणात बसतं.

शतकानुशतकं ज्यांना संस्कृत शिकूच दिलं नाही, त्यांच्यासाठी आता वर्गाचं दार उघडं आहे म्हणतात. ते खरं असेल तर दारात गावाचं नाव बदलून मागू नये. शेजारचं वालचंदनगर तर काहीच न करता ‘वालचन्दनगरे’ होतं. बारामतीला ‘मती’ आहेच, तेव्हा तिथे जरा सांभाळून: ‘नदी’सारखी चालवली की ‘बारामत्याम्’. आणि बारामतीहून निघालेला माणूस घरी पोचला की ‘अन्थुर्णं प्राप्तवान्’.