‘तेच ते’ आणि पुनरावृत्तीचा प्रश्न

विंदा करंदीकरांची ‘तेच ते’ ही कविता व त्यांचा ‘अष्टदर्शने’ (२००३) हा संग्रह ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : जगलेले आयुष्य पुन्हा जगावे लागते काय ?

‘अष्टदर्शने’त सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आहेत आणि आठवा चार्वाक. त्यांतील दोघांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. हेच आयुष्य त्यातील प्रत्येक सुखदुःखासह अनंत वेळा परत येणार असेल, तर तुम्ही त्यास शाप म्हणाल की वर, असे नीत्शेने १८८२ मध्ये विचारले. उलट बर्गसाँने १८८९ मध्ये घड्याळाचा काळ व अनुभवाचा काळ यांत भेद केला. अनुभवलेला क्षण पुढच्या क्षणात मुरतो. म्हणून कोणताही क्षण जसाच्या तसा परतत नाही, हे त्याचे मत. संग्रहात ही दर्शने स्वतंत्रपणे येतात. त्यांचा वाद वाचकानेच आपल्या मनात मांडावयाचा असतो.

आमच्या मते तो वाद ‘तेच ते’मध्ये अधिक जिवंत आहे. रोजच्या जगण्यातील एकसुरीपणा तेथे शब्दांच्याच पुनरुक्तीने अंगावर येतो. परंतु ‘तेच’ असे म्हणण्यास कालचे आठवावे लागते. आणि ज्यास काल आठवतो, तो कालचा उरलेला नसतो. नोएडाहून मेट्रोने रोज यमुना ओलांडून दिल्लीच्या कचेरीत जाणाऱ्याचा मार्ग तोच असतो, जाणारा मात्र रोज एका दिवसाने वडील झालेला असतो. तक्रार खरी, पण तिच्यातच तिचे खंडन दडलेले आहे.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी ‘खरे जगणे’ निवृत्तीनंतरच्या पुण्या-साताऱ्यासाठी राखून ठेवलेले असते. मधली वर्षे केवळ ढकलावयाची. नीत्शेचे मानले, तर ही ढकलाढकलच अनंत वेळा करावी लागेल. बर्गसाँचे मानले, तर ढकललेले वर्ष एकदाही परत मिळणार नाही. दोघांचे सिद्धान्त परस्परविरुद्ध. पण आपल्यापुरता निकाल एकच लागतो. आयुष्य पुन्हा येवो वा न येवो, ते उद्यावर टाकण्यास कोणाचाच आधार मिळत नाही.

म्हणूनच ‘तेच ते’ला केवळ कंटाळ्याची कविता म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. ती इशारा म्हणून वाचावी, आणि तीही निवृत्तीपूर्वी.