शरणपूरची माणसे आणि चरित्रांतील मौन

ऑक्टोबर महिन्यातील मिशन रविवारी आम्ही धर्मगुरू दूर देशी गेलेल्या मिशनऱ्यांचे स्मरण करतो. त्यांच्या त्यागाचा गौरव होतो, दानपेटी फिरते आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत विषय मिटतो. वसईतील अनेक घरांतून मुलगे धर्मगुरू होऊन आणि मुली धर्मभगिनी होऊन परदेशी गेल्या आहेत. अशाच एका घरची माता, जिची लेक आफ्रिकेत सेवा करते, एकदा मिस्सा आटोपल्यावर आम्हांला म्हणाली, “फादर, तिच्या शाळेत मुले किती, दवाखान्यात माणसे किती, ते तुम्ही सांगितलेत. पण ती जेवते काय, ताप आला तर उशाशी कोण बसते, हे कुणी लिहीत नाही का?” आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. अलीकडे एक कादंबरी वाचताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

झिंबाब्वेच्या लेखिका पेटिना गाप्पा यांची ‘आऊट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ ही इंग्रजी कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक इतिहासातील आहे. स्कॉटिश मिशनरी व संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी मृत्यू आला. सोबतच्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले आणि देह वाळवून, कापडात व सालीत गुंडाळून, सुमारे नऊ महिने पायी वाहत समुद्रकिनाऱ्यावरील बागामोयो येथे आणला. त्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या देहाला तेथे आमच्या कॅथलिक होली घोस्ट संघाच्या मिशनने आसरा दिला, ही गोष्ट आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले.

कादंबरीला दोन निवेदक आहेत. पहिली हलिमा, तांड्यातील स्वयंपाकीण. दुसरा जेकब वेनराइट, तांड्यातील शिकलेला ख्रिस्ती तरुण. दोन्ही माणसे इतिहासात होऊन गेलेली आहेत. त्यांतील जेकबचे नाते थेट आपल्या महाराष्ट्राशी आहे. नाशिकला जाणाऱ्यांना शरणपूर रोड ठाऊक असतो. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेले ख्रिस्ती गाव. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबई बंदरात उतरवली जात. त्यांपैकी अनेकांना शरणपूरच्या आश्रयगृहात अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे शिक्षण मिळाले. जेकब त्यांतलाच एक. लिव्हिंग्स्टन यांच्या हृदयाचे दफन करताना अंत्यविधीच्या प्रार्थना त्याने वाचल्या, झाडाच्या खोडावर लेख त्याने कोरला, आणि ॲबीतील अंत्ययात्रेत शवपेटिकेसोबत चालण्याचा मानही त्याला मिळाला.

लेखिकेचे मोठे यश हलिमेच्या निवेदनात आहे. मिशनरी चरित्रांतून नकाशे असतात, नद्या असतात, धर्मांतरितांचे आकडे असतात, चूल नसते. हलिमा बोलू लागते तेव्हा प्रथम चूल पेटते. कुणाचे कुणाशी पटत नाही, कोणत्या बाईला कोणता नवरा नेमून दिला गेला, पीठ किती उरले आहे, हे सारे ती रोखठोक सांगते. तांडा म्हणजे हमालांची रांग नव्हे, ते एक चालते घरकुल होते, हे तिच्यामुळे उमगते. होरेस वॉलर यांनी १८७४ मध्ये संपादित केलेल्या लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या रोजनिश्यांत मृत्यूची व परतीच्या प्रवासाची हकिगत चुमा आणि सुसी या सोबत्यांच्या सांगण्यावरून आली. पण वाचकांच्या मनात ते दोघे ‘स्वामिनिष्ठ नोकर’ एवढेच राहिले. जेकबने स्वतः लिहिलेल्या रोजनिशीचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले, तरी इंग्रजी वाचकांना ती फार उशिरा पाहायला मिळाली. साक्षीदार लिहिता होता, तरी कुणी त्याला विचारले नाही. ही उणीव गाप्पा यांनी भरून काढली, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

मात्र जेकबचे चित्र रंगवताना लेखिकेची लेखणी एका बाजूला झुकली आहे, असे आमचे मत आहे. कादंबरीतला जेकब शास्त्रवचने पाठ असलेला, इतरांच्या पापांवर बोट ठेवणारा, धर्मोपदेशक होण्याच्या स्वप्नाने फुगलेला आहे. असे धार्मिक लोक नसतात, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सेमिनरीत आमच्या बाकावर ते बसत असत आणि काही वेळा आमच्याच अंगरख्यात असत. त्या उपरोधाने आम्हांला बोचले आणि ते बोचणे योग्यच होते. पण उपरोध हाच मुख्य सूर झाला, की दुसरी बाजू अंधारात राहते. घरातून चोरलेला, विकलेला, नाव बदललेला एक पोरका मुलगा प्रार्थनेचा आधार का घट्ट धरतो? ती श्रद्धा केवळ साहेबाची नक्कल होती काय? हा प्रश्न कादंबरी जवळून पाहते, पण त्यापाशी पुरेशी थांबत नाही.

थांबण्यासाठी इतिहासात दुसरी घरे आहेत. १८६४ साली विल्यम जोन्स आणि इस्माईल सेमलर हे शरणपूरचे दोन तरुण आपापल्या पत्नींसह मोंबासाजवळील रबाई येथे योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याच्या मदतीस गेले. जॉर्ज डेव्हिड हाही त्याच पिढीचा, त्याच कार्यातला. गुलाम म्हणून ज्या भूमीतून नेले गेले, त्या भूमीत ही माणसे सुवार्तिक कुटुंबे होऊन परतली. १८७५ मध्ये शरणपूरचेच माजी प्रमुख प्राइस यांनी मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी वसाहत उभी केली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रिअरटाउन नाव पडले. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेमलर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, आणि मागे राहिलेला तांडा जोन्स यांनी रबाईला परत आणला. पळून आलेल्या गुलामांना रबाईत आसरा मिळत होता. मालकांनी हक्क सांगितला तेव्हा मोबदला देऊन १८८९ च्या नववर्षदिनी हजाराहून अधिक माणसांना मुक्ततेचे दाखले देण्यात आले.

एवढे आपल्याला ठाऊक आहे, आणि हे सारे पुरुषांचे, पदांचे व तारखांचे आहे. रबाईच्या घरात त्या दोन स्त्रिया कोणत्या भाषेत बोलत, नाशिकची आठवण काढीत काय, मुलांना काय सांगत, यावर चरित्रकार मौन पाळतात. रेबमान यांच्या आधी आलेल्या क्राप्फ यांची पत्नी रोझिना आणि नवजात कन्या १८४४ मध्ये मोंबासा येथे मरण पावल्या. ती कबर मिशन-वाङ्मयात आरंभाची खूण म्हणून अमर झाली. परंतु त्या बाळंतिणीचे अखेरचे दिवस कसे गेले असतील, याकडे किती वाचकांचे लक्ष जाते? प्रतीक झालेल्या माणसाची विचारपूस कोणी करीत नाही.

ही सारी मंडळी आमच्या ख्रिस्तसभेची नव्हती, असे कुणी म्हणेल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली विभक्त बंधूंमध्ये ख्रिस्ताची देणगी ओळखण्यास आपल्याला शिकवले. त्या दृष्टीने शरणपूरची ही घरे आपल्याही वारशात मोडतात.

गाप्पा यांची कादंबरी आमच्या कुटुंबांनी वाचावी. तरुणांनी तर अवश्य वाचावी. ती श्रद्धेची परीक्षा घेते आणि परीक्षेला भिणारी श्रद्धा फार काळ टिकत नाही. परंतु जेकबवर हसून झाल्यावर वाचकाने रबाईच्या बंद दारापाशीही क्षणभर उभे राहावे.

त्या मातेकडे आम्ही पुन्हा गेलो. तिने लेकीची पत्रे कपाटातून काढून दाखवली. पिशवीत घडी करून, वर्षांच्या क्रमाने ठेवलेली. त्यांत पाऊस लांबल्याचे होते, ताप येऊन गेल्याचे होते, आणि सुक्या बोंबलाच्या चटणीची आठवण होती. आमच्या इतक्या वर्षांच्या प्रवचनांत यांतले काहीच आले नव्हते. ज्यांच्या घरी अशी पत्रे आहेत, त्यांनी ती जपावीत, उतरवून ठेवावीत, आणि लिहिणाऱ्याची अनुमती असेल तर या पानांसाठी पाठवावीत. पुढच्या मिशन रविवारी आम्ही आकडे कमी सांगू.