नाचणीचे माहेर

लोणावळ्यास जाऊन काय खावयाचे, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे: वडा, भजी, भाजलेले कणीस आणि परतताना चिक्की. पावसात भज्यांना नावे ठेवण्याइतका मी अरसिक नाही. माझी तक्रार एवढीच, की या यादीत मावळ कुठेच नाही.

गेल्या श्रावणात तुंगार्लीच्या एका वृद्ध बाईंनी बजावले, "रविवारी दहाला या. न्याहारी करून येऊ नका, आणि घरी जेवणही ठेवू नका." बाईंचे वडील 1960 च्या सुमारास इथिओपियात शाळामास्तर होते. सम्राट हैले सेलासींच्या त्या काळात भारतातून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले. बाईंचे बालपण आदिस अबाबात गेले. आपल्याला हबसाण ठाऊक आहे ते मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे. तलवारीची ओळख एवढी जुनी, पण त्या देशाचे ताट आपण पाहिलेले नाही.

लहानशी खोली, आम्ही चौघे आणि मधोमध एकच परात. परातभर इंजेरा अंथरलेली आणि तिच्यावरच कालवणे वाढलेली. तिकडे ही टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची करतात. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचे, एकाच बाजूने भाजायचे. वर जाळी पडते. आपल्या आंबोळीची थोरली बहीणच म्हणा ना! बाईंनी टेफऐवजी नाचणी घेतली होती, थोडे इंद्रायणी तांदळाचे पीठ घालून.

आता परीक्षकाचे काम. आंबटपणा नेमका होता, जाळी मात्र विरळ, आणि घास उचलताना इंजेरा फाटत होती. मुलाकडे वॉशिंग्टनला असताना एका चिमुकल्या इथिओपियन खाणावळीत खाल्लेली इंजेरा धुतलेल्या कापडासारखी दुमडत होती. तेथे बाईंचे गुण कापले पाहिजेत. 'शिरो' समोर आले तेव्हा मी मनात म्हटले, हे तर पिठले! पण पिठले पहिल्याच घासाला सगळे सांगून मोकळे होते. शिरोतला बर्बेरे मसाला (लाल मिरची, मेथी, सुंठ, वेलदोडा) सावकाश चढतो. 'फिरफिर' म्हणजे उरलेल्या इंजेराचे तुकडे त्याच मसाल्यात परतलेले. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या माणसास ते समजावून सांगावे लागत नाही. त्या सकाळचा उत्तम पदार्थ तोच. मसुरीचे कालवण साधारण.

मध्येच बाईंनी एक घास वळला आणि माझ्या तोंडाशी धरला. याला तिकडे 'गुर्शा' म्हणतात. पाहुण्याने नाही म्हणायचे नसते. आपल्याकडे मोठ्या माणसाला घास मिळतो तो लग्नाच्या पंगतीत, नाव घेऊन, आणि मग संपले. मला कोणी भरवल्याला किती वर्षे झाली, याचा हिशेब मी त्या वेळी केला नाही. घरी येऊन केला.

मग हिरवे कॉफीदाणे आमच्यासमोर भाजले गेले. त्यांच्या तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तिसरीपर्यंत बारा वाजून गेले होते.

निघताना मी टेफच्या अभावाबद्दल हळहळलो, तर बाई हसल्या. "अहो, नाचणी तरी कुठली इथली?" खरेच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ नाचणीचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखात, इथिओपियाच्याच बाजूला दाखवतात. हजारो वर्षांपूर्वी ती इकडे आली आणि मावळच्या वरकस उतारांवर राबाच्या राखेत रुजली. म्हणजे ज्या पदार्थात मी उणे काढीत होतो, त्यात तरी ती परकी नव्हती. परकी झाली ती आमच्या हॉटेलांत. नाचणीची भाकरी मागितली तर वेटर आधी मालकाकडे पाहतो.

बाईंची नाचणी नाणे मावळातल्या एका शेतकऱ्याकडची. तो घरापुरती पेरीत असे. यंदा त्याने उतार विकला. तिथे बंगले होणार आहेत.

"डबा अर्धा उरला आहे," बाई म्हणाल्या. "दिवाळी झाली की एकदा या."