नामानिराळा राहिलेला साक्षीदार : हिटलरच्या बंकरातले शेवटचे दिवस आपल्याला कोणी सांगितले?

आजचा विषय ऐकून युद्धकथा ऐकायला मिळेल असं काहींना वाटलं असेल. थोडी युद्धकथा येईलच, पण मला बोलायचंय ते पुस्तकांबद्दल आणि एका सिनेमाबद्दल.

तो सिनेमा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, निदान त्यातली चार मिनिटं तरी. नकाशावर वाकलेला हिटलर चष्मा काढतो, त्याचा हात थरथरतो आणि तो सेनापतींवर बरसतो. त्या दृश्याला खोटी सबटायटल्स लावून क्रिकेटपासून परीक्षेच्या निकालापर्यंत सगळ्यांवर विनोद झाले. सिनेमा २००४ चा, ‘डाऊनफॉल’. हिटलरच्या भूमिकेत ब्रुनो गांझ. अभिनय असामान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या खोलीत काय घडलं हे दिग्दर्शकाला कुठून कळलं?

आधी घटना बघू. २० एप्रिल १९४५, हिटलरचा छप्पन्नावा आणि शेवटचा वाढदिवस. रशियन तोफा बर्लिनच्या वेशीवर. त्या दिवशी गोअरिंग, हिमलर, गोबेल्स, बोरमान, रिबेनट्रॉप, श्पेअर, डोनिट्झ असे सगळे शुभेच्छा द्यायला एकत्र आले आणि बहुतेकांनी लगोलग बर्लिन सोडलं. गोअरिंग दक्षिणेला गेला. त्याचा चित्रांचा खजिना आधीच रेल्वेने तिकडे पोचलेला होता.

२२ तारखेला हिटलर कोसळला. युद्ध हरलं, मी इथेच मरणार, असं त्याने सांगितलं. वाटाघाटीच करायच्या तर त्या गोअरिंगला जास्त चांगल्या जमतील, असंही काहीसं बोलला. ते वाक्य हवाई दलाचा प्रमुख अधिकारी कोलर याने दुसऱ्या दिवशी गोअरिंगच्या कानावर घातलं. आता कोलरच्या नोंदींत दिसणारा गोअरिंग बघा. पुढे सरसावावं तर बोरमान मला गद्दार ठरवणार, गप्प बसावं तर ऐन वेळी कच खाल्ली म्हणणार. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी त्याने तिजोरीतून १९४१ चा उत्तराधिकाराचा हुकूम काढला, कायदा जाणणाऱ्या लामर्सला विचारलं आणि बर्लिनला तार केली. रात्री दहापर्यंत उत्तर आलं नाही, तर तुम्हाला निर्णयाचं स्वातंत्र्य उरलेलं नाही असं समजून मी सूत्रं हाती घेतो, असा त्या तारेचा आशय.

तार बोरमानच्या हातात पडली. बोरमानकडे फौज नव्हती, लोकप्रियता नव्हती. त्याच्याकडे होतं ते हिटलरच्या शेजारचं आसन. त्या राजवटीत ते पुरेसं होतं. त्याने कान भरले, तारेतली मुदत म्हणजे अखेरचा इशारा आहे असं दाखवलं, आणि गोअरिंगची सगळी पदं गेली. एस.एस.ने त्याला अटकही केली.

आता थांबा. बोरमानने कान भरले, हिटलर आधी सुस्त होता, मग भडकला, हे सगळं सांगतंय कोण? याचा मुख्य साक्षीदार आहे अल्बर्ट श्पेअर. शस्त्रास्त्र मंत्री. तो त्याच संध्याकाळी विमानाने बर्लिनला परतला होता, निरोप घ्यायला म्हणे. श्पेअर बोरमानचा हाडवैरी, आणि गोअरिंगचे आर्थिक अधिकार ओढून घेऊनच मोठा झालेला. एका प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्याला कसं संपवलं, हे आपण तिसऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून ऐकतोय!

मला आज एवढंच मांडायचंय की या मंडळींच्या आठवणी म्हणजे त्या भांडणाचा वृत्तांत नव्हे, ते भांडणच पुढे चालू आहे. आणि त्यात श्पेअर जिंकला.

पहिलं मोठं पुस्तक ह्यू ट्रेव्हर-रोपरचं, ‘द लास्ट डेज ऑफ हिटलर’, १९४७. हा इतिहासकार तेव्हा ब्रिटिश गुप्तहेर खात्यात अधिकारी होता. हिटलर खरंच मेला का, याचा तपास १९४५ च्या सप्टेंबरात त्याच्याकडे आला. काही आठवड्यांत त्याने साक्षी मिळवल्या, आणि त्यातून झालेलं पुस्तक आजही हातातून सुटत नाही. (याच गृहस्थांनी १९८३ मध्ये हिटलरच्या बनावट रोजनिशा खऱ्या ठरवल्या, पण ते नंतरचं.) त्याची मोठी देणगी अशी की त्याने हे सरकार नव्हतं, दरबार होता, हे दाखवलं. खाती एकमेकांवर चढलेली, अधिकार कोणाचेच स्पष्ट नाहीत, प्रत्येकाचं बळ धन्याच्या मर्जीवर. अशा ठिकाणी धनी मरायला टेकला की सगळ्यांच्या पायाखालची जमीन एकदम सरकते. हिमलर बघा. ‘निष्ठा’ हे ब्रीद मिरवणाऱ्या एस.एस.चा प्रमुख. वाढदिवसाच्या त्याच रात्री तो जागतिक ज्यू काँग्रेसच्या प्रतिनिधीला, नॉर्बर्ट मासूरला, गुपचूप भेटतो. लाखो ज्यूंच्या हत्येचा सूत्रधार! २३ च्या रात्री ल्यूबेकला स्वीडनच्या काउंट बर्नाडोटपुढे पश्चिमेकडच्या शत्रूंना शरण जाण्याचा प्रस्ताव ठेवतो. २८ तारखेला रॉयटर्सची बातमी बंकरात पोचते. हिमलर हाताला लागण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचा तिथला माणूस फेगेलाइन, म्हणजे एव्हा ब्राउनच्या बहिणीचा नवरा, गोळी घालून मारला जातो.

हे ट्रेव्हर-रोपर फार चवीने लिहितो. तिथेच मला अडतं. त्याची भाषा इतकी धारदार आहे की सगळं प्रहसन वाटू लागतं. दरबारी कारस्थानांच्या गोष्टी आपल्याकडेही आवडीने वाचल्या जातात, त्यामुळे आपणही रंगून जातो. पण बाहेर काय चाललं होतं? जानेवारी १९४५ या एकाच महिन्यात साडेचार लाखांच्या आसपास जर्मन सैनिक मेले. छळछावण्यांतल्या कैद्यांना बर्फातून पायी हाकलत नेत होते. खुद्द बर्लिनमध्ये पळपुटे ठरवून माणसं दिव्याच्या खांबांना लटकवत होते. ज्यांना हे थांबवता आलं असतं, ते मृत्युपत्रात आपलं नाव कुठे येतं याची काळजी करत होते. बंकरावरच्या बहुतेक पुस्तकांत ही बाहेरची माणसं पार्श्वसंगीतासारखी येतात.

ट्रेव्हर-रोपरने श्पेअरवरही बरीच भिस्त ठेवली. त्याच्या बुद्धीने तो भारावला होता. मात्र शेवटी, राजकीय अर्थाने खरा गुन्हेगार हाच, कारण याला सगळं समजत होतं, असंही त्याने लिहून ठेवलं. हा निवाडा पुढच्या लोकांनी सोयीस्करपणे विसरून टाकला.

आता श्पेअर. न्यूरेम्बर्गच्या खटल्यात बाकीचे हात वर करत असताना याने ‘सामूहिक जबाबदारी’ स्वीकारली. ऐकायला भारदस्त. पण तपशिलाची वेळ आली की हा नामानिराळा. १९४४ मध्ये जर्मनीत सत्तर लाखांहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते. त्यांतले मजूर पकडून आणण्याचं काम फ्रिट्झ साउकेलचं, आणि मजुरांची मागणी करणाऱ्यांत सगळ्यात पुढे श्पेअरचं मंत्रालय. साउकेल फासावर गेला. श्पेअरला वीस वर्षं. एक गावंढळ, ओबडधोबड बोलणारा. दुसरा सुसंस्कृत वास्तुविशारद, छान कोट घालणारा. न्यायाधीशही माणसंच.

१९६६ ला सुटला आणि १९६९ मध्ये त्याच्या आठवणी आल्या. जगभर खपल्या. वाचताना खरोखर वाटतं, अरे, हा तरी प्रामाणिक आहे. हिटलरच्या १९ मार्चच्या सर्वनाशाच्या हुकुमाला, ‘नीरो हुकूम’ म्हणतात त्याला, आपण विरोध केला, आणि २३ एप्रिलला बंकरात जाऊन तसं तोंडावर कबूल केलं, असं तो सांगतो. हुकूम हाणून पाडायला त्याने धडपड केली हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ती कबुली? खोलीत दोघंच, त्यातला एक मेलेला. गिट्टा सेरेनीने १९९५ च्या तिच्या पुस्तकात या प्रसंगावरच गंभीर शंका घेतली. शिवाय २९ एप्रिलच्या मृत्युपत्रात श्पेअरचं मंत्रिपद त्याच्याच हाताखालच्या साउरला दिलेलं आहे. हृद्य निरोपाच्या कथेत हे कुठे बसवायचं?

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. त्याच्या कार्यालयाच्या रोजनाम्यातून बर्लिनच्या ज्यूंना घराबाहेर काढल्याच्या नोंदी त्याचा मित्र वोल्टर्सने १९६४ मध्ये गाळल्या होत्या. माटियास श्मिट या संशोधकाने १९८२ मध्ये ते उघड केलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझनला हिमलरने ज्यूंच्या संहाराबद्दल उघड भाषण केलं. मी त्याआधीच निघालो होतो, असं श्पेअर जन्मभर सांगत राहिला. २००७ मध्ये त्याचं १९७१ चं एक खाजगी पत्र सापडलं. त्यात तो तिथे हजर होता अशी कबुली आहे. पुस्तक आल्यानंतर दोनच वर्षांनी लिहिलेली!

आणि आता सिनेमाकडे परत. श्पेअरला आठवणी लिहिताना संपादनाला मदत केली योआखिम फेस्टने. २००२ मध्ये त्याच फेस्टने बंकरावर पुस्तक लिहिलं. ‘डाऊनफॉल’ त्या पुस्तकावर आणि हिटलरची सेक्रेटरी ट्राउडल युंग हिच्या आठवणींवर बेतलेला आहे. त्यात श्पेअर देखणा, शांत, सगळ्यांत शहाणा माणूस, आणि ती कबुलीसुद्धा आहे. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात सुरू झालेला बचाव साठ वर्षांनी आपण पॉपकॉर्न खात बघितला.

कोणी विचारेल, मग काय वाचूच नये? वाचा ना. श्पेअरइतकं त्या दरबाराचं आतून वर्णन दुसऱ्या कोणी केलेलं नाही. फक्त प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारा : या खोलीत आणखी कोण होतं, आणि त्यातलं बोलायला जिवंत कोण राहिलं? गोअरिंगने १५ ऑक्टोबर १९४६ ला विष घेतलं. हिमलरने त्याआधीच, २३ मे १९४५ ला. गोबेल्स पतिपत्नीने १ मे १९४५ ला सहा मुलांना मारून आपलंही संपवलं. बोरमान बंकरातून पळताना मेला. त्याचे अवशेष १९७२ मध्ये हाती लागले. श्पेअर १९८१ मध्ये लंडनला वारला, बीबीसीच्या मुलाखतीसाठी गेलेला असताना.

क्रम विचाराल तर मी आधी सेरेनी वाचायला सांगेन, मग श्पेअर, आणि सिनेमा सगळ्यात शेवटी. प्रश्न असतील तर आता घेऊ.