चौकटीत न मावणारे पक्षी

वर्गात पक्ष्यांची ओळख करून द्यायची म्हटले की आपण तक्ता टांगतो. एका चौकटीत एक पक्षी, खाली नाव. शेकाट्यापुरती ही रीत चालते. त्याचे लांब गुलाबी पाय एकदा पाहिले की विसरत नाहीत. पण हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर उतरणारे टिलवे, तुतवार, चिखल्या सगळेच करडे-तपकिरी. शिवाय चिमणीएवढा टिलवा आणि कोंबडीएवढा, वाकड्या चोचीचा कुरल तक्त्यावर सारख्याच मापाचे होऊन बसतात. फोटोत सर्वात आधी हरवते ते आकारमान.

मायकेल ओब्रायन, रिचर्ड क्रॉसली आणि केव्हिन कार्लसन यांचे 'द शोअरबर्ड गाईड' (2006) हे छायाचित्रांचेच पुस्तक, पण या दोषावर त्यांनी उपाय शोधला आहे. त्यात पक्षी थव्यात, दूरवर, उडताना, एकमेकांशेजारी दिसतात. फोटोखाली बरेचदा प्रश्न असतो: यात किती जाती आहेत? वेगळा कोण? आधी आकारमान, मग शरीराची ठेवण, मग वागणूक, आणि पिसांचे बारकावे शेवटी, असा लेखकांचा क्रम आहे. आपली पाठ्यपुस्तके नेमकी उलट, रंगापासून सुरुवात करतात.

चुकीच्या ओळखीची किंमत काय असते? अमेरिकेच्या किनाऱ्यावर हिवाळी पक्षीगणनेत 'सेमीपामेटेड सँडपायपर' वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने नोंदला जात होता. 1975 मध्ये अ‍ॅलन फिलिप्स यांनी संग्रहालयांतील नमुने तपासून दाखवले, की हे पक्षी बहुतेक सगळे त्याच्यासारखाच दिसणारा 'वेस्टर्न सँडपायपर' होते. खरा सेमीपामेटेड तेव्हा मुख्यतः दक्षिण अमेरिकेत असतो. पुस्तकात होते म्हणून निरीक्षकांना तो दिसत होता, आणि निरीक्षकांना दिसत होता म्हणून तो पुस्तकात राहत होता. पक्षी हिवाळा कुठे काढतो हेच चुकले, तर त्याचा कोणता किनारा राखायचा हेही चुकते.

इथेच या पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहे. कोडे म्हटले की उत्तर आलेच, आणि ते शेवटी छापलेले आहे. खाडीवर मात्र उत्तरांचे पान नसते. उन्हाची तिरीप असते, पक्षी पाठमोरा असतो, आणि क्षणात थवा उडतो. अशा वेळी वहीत 'टिलवा, जात कळली नाही' असे लिहिणे ही प्रामाणिक नोंद आहे. कोडी सोडवण्याची सवय लागलेल्या मुलाला मात्र ती हार वाटते. शिवाय चालण्याची लकब आणि आवाज कोणत्याही फोटोत येत नाहीत.

पुस्तक उत्तर अमेरिकेचे आहे, त्यामुळे ठाण्याच्या खाडीवर ते जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. पण पद्धत उसनी घ्यायला हरकत नाही. मिश्र थव्याचा एकच फोटो वर्गात लावा. नावे विचारू नका. सर्वात मोठा कोण, सर्वात लहान कोण, कोणाची चोच डोक्याच्या लांबीपेक्षा मोठी, एवढेच विचारा. 'यावरून सांगता येत नाही' या उत्तरालाही गुण द्या. मग मुलांना घेऊन भरतीच्या सुमारास खाडीवर जा. पाणी चढते तसे पक्षी काठाकडे सरकतात. त्या वेळी ते जवळून दिसतात, आणि हलतानाही.